किन्शासाला जाताय? आधी हे वाचा

किन्शासाचं नाव काढलं की घरचे पहिलं विचारतात, "तिथे युद्ध चालू आहे ना?" आहे, पण डीआर काँगोच्या (डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगो) पूर्व टोकाला, गोमा-बुकावूच्या बाजूला. तिथून राजधानी दीड हजार किलोमीटर लांब. काँगो नदीच्या दक्षिण काठावरचं हे शहर दीड कोटीहून जास्त लोकांचं आहे आणि फ्रेंच बोलणारं जगातलं सगळ्यात मोठं शहर म्हणूनही ते ओळखलं जातं. नवख्या माणसाचे इथे हाल होतात ते कागद, नोटा आणि ट्रॅफिक या तीन गोष्टींपायी. पहिल्या दोन्हींचा बंदोबस्त भारतातूनच होतो. तिसरीला इलाज नाही, फक्त वेळ हाताशी ठेवायचा.

मी कामानिमित्त तिथे राहिले आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला जे आधी कळायला हवं, ते क्रमाने लिहिते.

१. सुरुवात तिकिटापासून नको, निमंत्रणपत्रापासून करा

डीआर काँगोचा दूतावास दिल्लीत आहे. व्हिसाच्या कागदांतला सगळ्यात वेळखाऊ कागद म्हणजे यजमानाचं निमंत्रणपत्र, तिथल्या भाषेत 'प्रिझ आँ शार्ज'. तुमच्या राहण्या-खाण्याची जबाबदारी आमची, असं त्यात यजमान लिहून देतो आणि ते पत्र किन्शासातल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. हे काम तिथल्या माणसालाच हेलपाटे घालून करावं लागतं, त्यामुळे इथून रोज फोन करून काही हलत नाही. दीड-दोन महिने आधी सुरुवात करा.

सोबत लागणारे कागद:

- किमान सहा महिने मुदत आणि दोन-तीन कोरी पानं असलेला पासपोर्ट
- प्रमाणित निमंत्रणपत्र
- जाण्या-येण्याच्या तिकिटाचं बुकिंग, हॉटेल किंवा राहण्याचा पत्ता
- बँकेचं स्टेटमेंट, कंपनीचं पत्र, फोटो
- यलो फीव्हरचं पिवळं कार्ड (त्याबद्दल खाली)

दूतावास आणखी काय मागतो ते अर्ज भरण्याच्या दिवसांत विचारून घ्या. नियम बदलत असतात.

दुसरा एक मार्ग आहे, 'व्हिझा व्होलाँ'. यजमान किन्शासातल्या स्थलांतर खात्याकडून (याला सगळे 'डीजीएम' म्हणतात) परवानगी काढून तुम्हाला पाठवतो आणि शिक्का विमानतळावर बसतो. कंपन्या हा मार्ग बऱ्याचदा वापरतात. यात परवानगीची रंगीत प्रिंट जवळ हवीच, कारण मुंबईत चेक-इन काउंटरवरची मुलगी पासपोर्टात व्हिसा शोधते आणि तो तिला सापडत नाही. मोबाईलवरचा पीडीएफ दाखवून तिची समजूत पटेलच असं नाही.

इथला नेहमीचा सापळा: नदीपलीकडच्या ब्राझाव्हिलला (तो वेगळा देश) एक चक्कर मारू, असा बेत असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागा. एकदाच प्रवेशाचा असला की नदी ओलांडल्याक्षणी तो संपतो.

२. यलो फीव्हरची लस

पिवळ्या कार्डाशिवाय किन्शासात उतरता येत नाही. ही लस सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनची केंद्रं आहेत. ठरावीक दिवशी, आधी वेळ घेऊनच लस देतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. टोचल्यानंतर १० दिवसांनी कार्ड ग्राह्य धरलं जातं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे पूर्वी घेतलेली असेल तर पुन्हा नको. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर केंद्रातल्या डॉक्टरांना आधी सांगा.

कार्डावरचं नाव पासपोर्टातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का आणि पासपोर्ट नंबर बरोबर आहे का, हे तिथे उभ्या उभ्या तपासा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं-जातं आणि विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याला तेवढं निमित्त पुरतं.

हे कार्ड परतताना भारतातही दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

मलेरियाच्या गोळ्यांना पर्याय नाही. तिथला मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे डोक्यात जाणारा. क्लोरोक्विन चालत नाही. डॉक्सिसायक्लिन घ्यायची की ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे डॉक्टर ठरवतील. डॉक्सी घेणार असाल तर ती परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

३. डॉलर: इथे सगळ्यात जास्त काटेकोर राहा

काँगोचं चलन फ्रँक, पण हॉटेल, भाडं, सुपरमार्केट, जरा मोठी कुठलीही खरेदी डॉलरमध्ये चालते. एटीएममधूनसुद्धा डॉलर निघतात. मग अडचण कसली? नोटेच्या तब्येतीची.

दुकानातला कॅशियर नोट हातात घेतो, उजेडात धरतो, चारही कडांवरून अंगठ्याचं नख फिरवतो. कडेला तांदळाच्या दाण्याएवढी चीर सापडली की नोट परत तुमच्या हातात. घडीवर झिजलेली, पेनाने काही लिहिलेली, बँकेचा शिक्का उमटलेली, जुन्या मालिकेची, कुठलीच चालत नाही. वाद घालू नका. त्याची नोट उद्या दुसरा कोणी घेणार नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. एक डॉलरच्या नोटा तर कोणी हातात धरत नाही.

म्हणून भारतात डॉलर घेतानाच काउंटरवर एकेक नोट बघून घ्या आणि खराब वाटली ती तिथल्या तिथे बदलून मागा. कोऱ्या शंभरच्या काही, बाकी ५, १० आणि २० च्या. जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात सपाट ठेवा. पैशाच्या पाकिटात दुमडून अजिबात नको.

सुटे पैसे फ्रँकमध्ये मिळतात. फ्रँकची सगळ्यात मोठी नोट २०,००० ची, त्यामुळे थोडेसे डॉलर मोडले तरी हातात गड्डी येते. रस्त्याच्या कडेला छत्रीखाली रबर लावलेल्या नोटांची चळत मांडून बसलेले लोक दिसतील, त्यात बायका बऱ्याच. ते 'काँबिस्त', पैसे बदलून देणारे. व्यवहार चोख असतो, पण पहिल्या वेळी ओळखीच्या माणसाबरोबर जा आणि नोटा मोजून झाल्याशिवाय जागेवरून हलू नका. दर त्या दिवशीचा दोन ठिकाणी विचारून घ्या.

कार्ड मोठ्या हॉटेलांत चालतं. बाकी शहर रोखीवर आणि मोबाईलच्या पैशांवर चालतं.

४. विमान आणि विमानतळ

मुंबईहून थेट विमान नाही. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणं सोयीचं. किन्शासाच्या विमानतळाचं नाव न्जिली. शहराच्या मध्यापासून साधारण २५ किलोमीटर.

पहिल्यांदा जात असाल तर 'प्रोतोकोल' सांगून ठेवा. हा तुमच्या नावाची पाटी घेऊन आत येणारा माणूस. कंपनी किंवा हॉटेल त्याची सोय करतं. तो रांगा, शिक्के, सामान यांतून तुम्हाला बाहेर काढतो. हा खर्च वाचवू नका, असं मी सगळ्यांना सांगते. नसेल तर क्रम असा: पिवळं कार्ड, इमिग्रेशन, सामान, कस्टम. सामानाच्या टॅगची पावती बोर्डिंग पासवर चिकटवलेली असते. ती जपा, बाहेर पडताना टॅगशी जुळवून बघतात.

वाटेत कोणी ना कोणी हसून 'कोका'साठी, म्हणजे थंड पेयासाठी, काही मागेल. 'मादेसु या बाना', म्हणजे मुलाबाळांच्या घुगऱ्यांसाठी, असंही म्हणतील. तुमचे कागद पुरे असतील तर तुम्हीही हसा, 'मेर्सी पापा' म्हणा आणि चालू लागा. आवाज चढवला की मात्र तासाभराची निश्चिंती.

बाहेर अनोळखी टॅक्सीत बसू नका, रात्री तर नाहीच. गाडी आधीच ठरवलेली हवी. बुलेव्हार लुमुम्बावरून मासिना, लिमेते या भागांतून गोम्बेला, म्हणजे दूतावास-बँकांच्या भागात, पोचायला कधी तास लागतो, कधी तीन. याच रस्त्याच्या परिसरात चौकात उभे असलेले धातूचे मोठे यंत्रमानव सिग्नल दिसतील. ते २०१३ मध्ये किन्शासाच्याच एका महिला इंजिनिअरच्या गटाने बनवले आणि सौरऊर्जेवर चालतात. वाहतूक पोलिसांपेक्षा लोक यंत्रमानवाचं जास्त ऐकतात, असं ड्रायव्हर हमखास सांगतो.

५. सिम, फोन, वीज

व्होडाकॉम, एअरटेल, ऑरेंज, आफ्रिसेल यांपैकी कुठलंही सिम अधिकृत दुकानातूनच घ्या. पासपोर्ट लागतो. दोन कंपन्यांची सिम असली तर बरं. मोबाईलवरून पैसे देण्यासाठी त्यावरच एम-पेसा किंवा एअरटेल मनी सुरू करून घ्या.

गुगल ट्रान्सलेटमध्ये फ्रेंच आधीच डाउनलोड करून ठेवा. इंग्रजी फारशी चालत नाही. कार्यालयात फ्रेंच, रस्त्यावर लिंगाला. 'म्बोते' म्हणजे नमस्कार, 'तालो बोनी?' म्हणजे केवढ्याला. काहीही विचारण्याआधी 'बोंजूर' किंवा 'म्बोते' म्हणायलाच हवं. थेट कामाचं बोलणं तिथे उद्धटपणा समजतात. वयाने मोठ्या पुरुषाला 'पापा', बाईला 'मामा'.

वीज जाते, पाणीही जातं. दोन गोल पिनांचा ॲडॅप्टर आणि पॉवर बँक सोबत हवी. वेळ भारतापेक्षा साडेचार तास मागे.

६. राहायचं कुठे

पहिल्या खेपेला गोम्बेतच राहा. दूतावास, बँका, बुलेव्हार दु त्रांत ज्विन हा मोठा रस्ता, सगळं तिथेच. महाग आहे, आणि एकूणच किन्शासा स्वस्त शहर नाही. आफ्रिका म्हणजे स्वस्ताई या समजुतीने बजेट आखाल तर पहिल्याच दिवशी कोसळेल. बुकिंगपूर्वी तीन प्रश्न विचारा: जनरेटर चोवीस तास चालतो का, पाण्याची टाकी आहे का, मच्छरदाणी आहे का.

७. शहरात फिरणं

पर्याय असे. पिवळ्या टॅक्सीत सीटप्रमाणे पैसे देऊन चारजण बसतात, किंवा अख्खी गाडी घ्यायची असेल तर 'एक्स्प्रेस' म्हणायचं. 'वेवा' म्हणजे मोटरसायकल टॅक्सी: झटपट पोचवतात, पण हेल्मेटची अपेक्षा ठेवू नका, आणि मी तरी सुचवणार नाही. जुन्या मर्सिडीज २०७ मिनीबसना लोकांनी 'एस्प्री द मोर', मृत्यूचा आत्मा, असं नाव दिलं आहे. एवढ्यावरून काय ते समजा. नवख्याने यांगो ॲपवरून गाडी मागवावी किंवा ओळखीचा ड्रायव्हर दिवसाच्या बोलीवर ठरवावा. दुसरा मार्ग जास्त चांगला, कारण तो ड्रायव्हर दुभाषा आणि वाटाड्याही होतो.

काच वर, दार लॉक, फोन मांडीवर नाही. अंधार पडल्यावर पायी फिरणं टाळा. 'कुलुना' नावाच्या कोयतेवाल्या टोळ्यांचा त्रास काही भागांत खरोखर आहे. पासपोर्ट हॉटेलात ठेवून व्हिसाच्या पानासह रंगीत झेरॉक्स जवळ बाळगा.

सकाळी साधारण साडेसात आणि संध्याकाळी सहाला सरकारी इमारतींजवळ झेंडा चढवताना-उतरवताना सगळे जागच्या जागी थांबतात. तुम्हीही थांबा. राष्ट्राध्यक्षांचा ताफा येत असेल तर गाडी बाजूला, फोन खाली.

पाऊस ऑक्टोबर ते मे. पाऊस पडला की भेटी आपोआप रद्द होतात, त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. जून ते सप्टेंबर कोरडा, ढगाळ आणि त्यातल्या त्यात गार. जायचं तर तेव्हाच. एप्रिल २०२५ मध्ये न्जिली नदीला पूर आला तेव्हा विमानतळाचा रस्ताच पाण्याखाली गेला होता. म्हणून पावसाळ्यात परतीच्या दिवशी जास्तीचे तास धरा.

रविवारी सकाळी सगळं शहर चर्चमध्ये असतं. रस्ते मोकळे मिळतात ते तेवढेच, त्यामुळे लांबची ठिकाणं रविवारी करावीत.

८. फोटो: विचारल्याशिवाय नाही

विमानतळ, पोलीस, सैनिक, सरकारी इमारती, बंदर आणि बऱ्याच ठिकाणी खुद्द नदीकाठ यांचे फोटो काढले तर अडवतात, फोन काढून घेतात. नदी ही सरहद्द आहे हे आपण विसरतो. आधी बरोबरच्या स्थानिक माणसाला विचारा. माणसांचे फोटोही परवानगीनेच. झकपक सूट घातलेले 'सापर' फोटोचे पैसे मागतात आणि त्यात गैर काही नाही, एवढा थाट फुकट होत नाही.

९. खाणं

मांसाहारी असाल तर मजा आहे. 'लिबोके' मागवा. पानात बांधून निखाऱ्यावर शिजवलेला नदीचा मासा. बाई पुडीची गाठ चाकूने तोडते, वाफ बाहेर येते, कांदा-टोमॅटोचा रस पानाच्या खोबणीत साचलेला असतो आणि शेजारी पिलीपिली मिरचीचा ठेचा ठेवलेला. तो ठेचा बोटाच्या टोकावर चाखून मगच पुढे जा, कोल्हापूरकरांनीसुद्धा. भाजलेलं बकऱ्याचं मटण म्हणजे 'न्ताबा', ते रस्त्याकडेच्या 'न्गांदा'त, उघड्यावरच्या बारमध्ये, संगीत ऐकत खायचं. सोबत फुफू (शिजवलेल्या पिठाचा गोळा) किंवा पानात गुंडाळलेली कसाव्याची (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) 'चिक्वांग'. तिचा आंबूस वास पहिल्या वेळी सगळ्यांना आवडत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी इशारा: 'पोंदू' ही कसाव्याच्या पाल्याची भाजी दिसायला अगदी आपल्या अळूच्या फदफद्यासारखी, आणि म्हणून आपण गाफील राहतो. तिच्यात मासे असतातच असं समजून चाला. 'मादेसु' (घेवडा) आणि 'लोसो' (भात), 'माकेंबा' (तळलेली केळी), सकाळचे 'मिकाते' (गोड भजी), अव्होकाडो, अननस यांवर दिवस निघतो. शहरात भारतीय व्यापारी बरेच आहेत आणि त्यांच्या दुकानांत पीठ, डाळ, मसाले मिळतात, फक्त किमती बघून बसायला खुर्ची लागते. पाणी बाटलीचंच, सील तपासून.

१०. काय बघावं

फार ठिकाणं एका दिवसात बसवू नका. ट्रॅफिकमुळे दिवसाला दोन झाली तरी पुष्कळ.

बुलेव्हार त्र्योंफालवरचं राष्ट्रीय संग्रहालय २०१९ मध्ये दक्षिण कोरियाच्या मदतीने उभं राहिलं. मुखवटे आणि वाद्यांसाठी अर्धा दिवस ठेवा. लिमेतेतल्या उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी पॅट्रिस लुमुम्बांची समाधी आहे. देशाच्या या पहिल्या पंतप्रधानांना जानेवारी १९६१ मध्ये ठार करून त्यांचा देह नष्ट केला गेला. उरला फक्त एक दात, तोही बेल्जियमने २०२२ मध्ये परत केला. तिथे आवाज खाली ठेवा, लोकांसाठी ती जागा जिवंत आहे.

ऑक्टोबर १९७४ ची मोहम्मद अली–फोरमन मुष्टियुद्धाची लढत झाली ते मैदान आज ताता राफाएल स्टेडियम म्हणून ओळखलं जातं. आत जायचं तर दारावरच्या माणसाशी गोडीत बोलावं लागतं.

शहराच्या दक्षिणेला, लुकाया नदीच्या छोट्या धबधब्यांपाशी 'लोला या बोनोबो' हे अनाथ बोनोबोंचं आश्रयस्थान आहे. बोनोबो हे चिंपांझीसारखे वानर फक्त याच देशात, काँगो नदीच्या दक्षिणेला सापडतात. शिकाऱ्यांनी आई मारलेली पिल्लं इथे सांभाळणाऱ्या बायकांच्या कडेवर वाढतात. आधी फोन करून जा. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, माणसाचे आजार त्यांना लागतात.

संध्याकाळी मातोंगे वस्तीत, व्हिक्त्वार चौकाच्या आसपास, स्थानिक मित्राबरोबर. काँगोची रुंबा, म्हणजे तिथलं नाच-गाणं, डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, पण इथे ती प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून, उशिरापर्यंत ऐकायची असते.

११. नदी आणि पलीकडचं ब्राझाव्हिल

हे शहर नेमकं इथेच का, हे नदीकाठच्या किन्सुकाला गेलं की कळतं. वरच्या बाजूला नदी पसरून तळ्यासारखी होते, तिथून किसांगानी शहरापर्यंत साधारण १,७०० किलोमीटर बोटी चालतात. आणि किन्सुकाला ती एकदम खडकांवर आपटून फेसाळते. इथून समुद्रापर्यंत बोट जाऊ शकत नाही. म्हणून खालच्या माताडी बंदरापर्यंत रेल्वे बांधली, ती १८९८ मध्ये पुरी झाली, आणि माल उतरवण्याच्या जागी शहर वाढलं. किन्सुकाला पाण्यात उतरू नका. कोरड्या दिवसांत वरच्या बाजूला वाळूची बेटं उघडी पडतात, तिथे बोटीने सहलीला जातात. ओळखीच्या कोणाबरोबर जमलं तर जाच.

ब्राझाव्हिल समोर दिसतं, वेगवान होडीने पाव तासही लागत नाही. पण तो वेगळा देश. त्याचा व्हिसा वेगळा, चलन वेगळं (सेफा फ्रँक). होड्या 'बीच न्गोबिला'वरून सुटतात. कागदांना प्रवासापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो आणि गर्दीत सामान ओढणारे खूप. सकाळी लवकर जा, किंमत बोलून घ्या, तिथे फोन खिशातून काढू नका.

१२. निघताना

विमान सुटायच्या पाच तास आधी गोम्बे सोडा. काही विमान कंपन्या आदल्या दिवशी शहरातच सामान स्वीकारतात. तुमची कंपनी तसं करते का ते विचारा, फार सोय होते. 'गो-पास' नावाची विमानतळ फी असते. आंतरराष्ट्रीय प्रवाशाला ती अनेक वर्षं ५० डॉलर होती. ती तिकिटात धरली आहे का, हे कंपनीला विचारा आणि नसेल तर तेवढे कोरे डॉलर वेगळे काढून ठेवा. हस्तिदंत, कासवाच्या कवचाचं काही, राखी पोपट, कोणी कितीही स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका. कस्टममध्ये अडकाल. लाकडी मुखवट्याची पावती सामानातच ठेवा.

परत आल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी काँगोहून आले आहे, मलेरियाची तपासणी करा" हे सांगा. ते न सांगता नुसतं 'ताप आहे' म्हणालात, तर व्हायरल समजून पॅरासिटामॉल देतील आणि फाल्सिपेरमला तेवढे दोन दिवसही पुरतात.